तिसरी वायर

आमोणकरांच्या मृण्मयीचा फोन आला,
"केबलबाब, तुमची वायर अजून जिवंत आहे का?"
असं मला सतरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.
काढून न्या म्हणाले, गंज चढलाय म्हणाले,
एकाने तर कपडे वाळत घालायला घेतली.
जिवंत आहे का, हे कोणीच नाही.

कुंभारजुव्यातलं घर, भिंती दीड हात जाड,
चिऱ्याच्या. पुढच्या सोप्यातला राउटर
जेवणघरापर्यंत कसाबसा पोचतो, धाप लागल्यासारखा,
आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसकण मारतो.
त्याच खोलीत ती रात्री बाराला बसते,
दूरच्या इस्पितळांतून आलेली छातीची, कवटीची चित्रं वाचत.
एक कवटी उतरेपर्यंत, म्हणते, चहा होऊन निवतोसुद्धा.

नवी वायर ओढायची तर भिंत फोडायला हवी.
तिने दोन डब्या मागवल्यात, साबणाच्या वडीएवढ्या:
एक राउटरपाशी, एक मागे,
मध्ये मी ओढलेली काळी केबल. एवढंच.
एवढंच, पण कुठली कुठे जाते
ते भिंतीला माहीत आणि मला.

शिडी लावून माळ्यावर चढलो. साठीला गुडघे बोलतात.
माटोळी बांधायची चौकट, फुटकं डोरलं,
आणि त्यामागे माझा अ‍ॅम्प्लिफायर,
वर माझ्याच अक्षरात: १९९६, आमोणकर, हात लावू नये.
हात लावला.
तो एकाच दिशेने चालतो, हे तिला सांगावं लागलं.
टीव्हीला कोण उत्तर देत होतं?
आम्ही आकाशातलं धरून घराघरांत ओतायचो,
घरातून परत काही यायची सोय नव्हती, गरजही नव्हती.
हिला मात्र दोन्हीकडून बोलायचंय.
तो काढला. पालीची दोन अंडी होती मागे, ती राहू दिली.

जुनं टोक कापलं. आत तांबं
अजून नव्या सुईसारखं, भोवती पांढरा फेस, त्यावर जाळी.
बरं वाटलं, उगाच.
नवा स्प्लिटर लावला. एक पुढे, एक मागे.
घरात शिरणाऱ्या तोंडाशी गाळणी,
म्हणजे घरातलं घरात राहतं, खांबापर्यंत जात नाही.

"आणि ही तिसरी?" शिडीखालून ती.
"टीव्हीच्या खोल्या तर दोनच होत्या."

तिसरी कौलांखालून निघून नीरफणसावरून
पिएदादमायच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जाते.
तिचा नवरा बार्जवरून पडून गेला, त्या वर्षी
वासुदेवबाबांनी मला गोठ्यामागे नेऊन सांगितलं,
तिला जोडून दे, माझ्या खात्यावर, आणि तोंड उघडू नकोस.
मी उघडलं नाही.
तिला वाटलं, हे माझंच पुण्य.
अकरा नाताळ तिच्याकडून मला दोदोल आला,
केळीच्या पानात, काजूगरांसकट,
आणि मी तो खाल्ला.

दारातून बाल्कांव दिसत होता, वासुदेवबाब तिथेच बसलेले.
ऐकू कमी येतं, पण एवढं आलं.
मान वर केली, माझ्याकडे पाहिलं,
आणि माशी हाकलावी तसा हात हलवला.

"कुठेच नाही गो," मी म्हटलं. "जास्तीची पडलीय."

तोंड उघडं ठेवलं तर लाटा आपटून परत फिरतात,
बाकीच्यांचं बोलणं फाटतं.
म्हणून त्या भोकावर पितळी टोपण बसवलं, घट्ट.
वायर कापली नाही.
पिएदादमाय गेली, मुलगी स्विंडनला, घराला कुलूप.
वायरवर खंड्या बसतो.

मागच्या खोलीतून ओरड: "लागला! हिरवा दिवा लागला!"
मग बराच वेळ काही नाही.
मग नुसतं "उतरली," स्वतःशी बोलल्यासारखं.

पैसे विचारले तिने. म्हटलं, चहा दे.
वासुदेवबाब बशीत ओतून पीत होते.
मी वाकून म्हटलं, त्या दोदोलाचं तुम्हाला सांगायचं राहून गेलं.
"कसलं?" कानामागे हात धरून ते.
आत मुलगी होती.
मोठ्याने सांगता आलं नाही.